गोमांसाचा जागतिक हिशेब

2023 सालच्या जून महिन्यात ब्राझीलमध्ये एका गाईचा लिलाव झाला. गाय पांढरीशुभ्र, खांद्यावर वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी, आणि वजन 1,101 किलो, म्हणजे तिच्या जातीच्या सर्वसाधारण गाईच्या जवळजवळ दुप्पट. विकावयाची होती ती पुरी गायसुद्धा नव्हे, तिच्या मालकीचा फक्त एकतृतीयांश हिस्सा! बोली ज्या आकड्यावर थांबली त्यावरून हिशेब केला, तर पुऱ्या गाईचे मोल सुमारे 43 लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने 35 कोटी रुपयांच्या घरात गेले. लिलावात विकली गेलेली सर्वांत महाग गाय म्हणून गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात तिची नोंद झाली. तिचे नाव व्हियाटिना-19 आणि जात नेलोर.

नेलोर! हे नाव वाचून तुम्ही नकाशा उघडणार असाल, तर ब्राझीलचा नको, आपल्या भारताचाच उघडा. आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर नेल्लोर आहे आणि त्याच्या थोडे उत्तरेला ओंगोल. ओंगोलचा तालुका पूर्वी नेल्लोर जिल्ह्यात मोडत असे. म्हणून तिथली धिप्पाड पांढरी गुरे परदेशात नेल्लोरची गुरे म्हणूनच ओळखली जाऊ लागली. आपल्याकडे ती नांगराला आणि गाडीला जुंपण्यासाठी वाढवली गेली. ब्राझीलमध्ये ती मांसासाठी वाढवतात, आणि त्या देशातील मांसाच्या गुरांपैकी सुमारे 80 टक्के गुरे आज याच रक्ताची आहेत.

विद्यार्थिमित्रहो, गोमांस हा आपल्याकडे भावनेचा, धर्माचा आणि कायद्याचाही विषय आहे. कोणी काय खावे याचा निवाडा या लेखात करावयाचा नाही. परंतु जगाच्या पाठीवर सुमारे 150 कोटी गुरे आहेत आणि पृथ्वीवरील गवताळ जमिनीच्या फार मोठ्या भागावर त्यांचे राज्य आहे. त्यांचे मांस कोठे वाढते, कोठे घटते आणि का, हे पाहू लागलो की भूगोल, जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि अंकगणित ही चारही पुस्तके एकदम उघडावी लागतात. तेव्हा वही-पेन्सिल जवळ घ्या.

आधी एक भागाकार

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1961 सालापासून देशोदेशींचे आकडे ठेवले आहेत. त्या वर्षी जगात गाईबैलांचे मांस सुमारे 2 कोटी 80 लाख टन निघाले. आज ते 7 कोटी टनांच्या आसपास निघते. अडीच पट वाढ! वर्तमानपत्राने याचा मथळा केला असता तर तो 'जगाची मांसाची भूक भडकली' असा काहीसा झाला असता.

पण थांबा. 1961 साली जगाची लोकसंख्या सुमारे 307 कोटी होती. 2022 साली ती 800 कोटी झाली. दोन्ही वर्षांसाठी मांसाला माणसांनी भागून पाहा. 1961 साली माणशी वर्षाला 9 किलोंच्या किंचित वर आकडा येतो. आजचा येतो पावणेनऊ किलोंच्या आसपास. म्हणजे माणशी पाहिले तर साठ वर्षांत वाढ जवळजवळ शून्य, उलट किंचित घटच! मध्यंतरी, 1975 च्या सुमारास, हा आकडा 11 किलोंपर्यंत चढला होता. त्यानंतर तो उतरत गेला. गोमांसाचा माणशी सुवर्णकाळ येऊन गेला त्याला आता पन्नास वर्षे होत आली.

मग लोकांनी मांस खाणे कमी केले का? मुळीच नाही. कोंबडीचे आकडे पाहा. 1961 साली जगात कोंबड्या-बदकांचे मांस 90 लाख टनांच्या आसपास होते. आज ते सुमारे 14 कोटी टन आहे, म्हणजे गोमांसाच्या दुप्पट. याचे कारण बाजारात शोधण्यापूर्वी प्राण्याच्या शरीरात शोधावे लागते. मांसासाठी वाढवलेली ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत विक्रीला तयार होते. तिचे एक किलो वजन वाढवण्यास दोन किलोंहूनही कमी खाद्य लागते. धान्य खाऊन वाढणाऱ्या बैलाला मात्र एका किलोसाठी सहा-सात किलो खाद्य लागते. शिवाय पैदाशीची एक कोंबडी वर्षाला दीडशेच्या आसपास अंडी देते, तर गाय देते एक वासरू, आणि तेही नऊ महिन्यांहून अधिक काळ पोटात वागवून. या शर्यतीत गाय मागे पडली यात नवल ते काय?

गाईच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोंबडी जे धान्य खाते ते माणूसही खाऊ शकतो. गाय खाते ते गवत माणसाला पचत नाही. ओसाड, खडकाळ, नांगर न चालणाऱ्या जमिनीवरच्या गवताचे प्रथिनात रूपांतर करणारे यंत्र म्हणून तिला तोड नाही. अडचण सुरू होते ती माणूस तिला धान्य चारू लागतो किंवा तिच्यासाठी जंगल तोडून गवत पेरू लागतो तेव्हा.

गुरे घटली, मांस वाढले

आता अमेरिकेकडे वळू. 1975 साली अमेरिकेत सुमारे 13 कोटी 20 लाख गुरे होती. त्या देशाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा आकडा. 2024 सालच्या जानेवारीत मोजणी झाली तेव्हा गुरे उरली होती 8 कोटी 72 लाख. 1951 सालानंतर इतकी कमी गुरे अमेरिकेने पाहिली नव्हती, आणि 2025 च्या जानेवारीत तर ती आणखी घटली. साहजिकच मांसही एकतृतीयांशाने घटले असेल असे तुम्ही म्हणाल. घडले उलटेच. 1975 साली अमेरिकेत सुमारे 1 कोटी 9 लाख टन गोमांस निघाले होते. 2022 साली निघाले सुमारे 1 कोटी 28 लाख टन!

या कोड्याचे उत्तर एका गुराच्या वजनात आहे. डोके, कातडी, आतडी वगळून जे धड उरते त्याचे सरासरी वजन 1975 साली 260 किलोंच्या आसपास होते. आज ते 370 किलोंच्या वर गेले आहे. निवडक वळूंचे गोठवलेले वीर्य वापरून केलेली पैदास, मक्याचा खुराक, वाढीसाठी कानाच्या कातडीखाली बसवलेल्या संप्रेरकांच्या गोळ्या, असे अनेक उपाय त्यामागे आहेत. वासरू पहिले काही महिने कुरणात आईमागे हिंडते. मग त्याची रवानगी टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्का या राज्यांतील प्रचंड छावण्यांत होते. तिथे एकेका कुंपणात शेकडो गुरे ठेवून त्यांना यंत्राने मोजलेले धान्य चारतात. एका छावणीत पन्नास हजार गुरे असणे ही तिथे फार मोठी गोष्ट समजली जात नाही. संप्रेरकांचा हा वापर युरोपला मान्य नाही. अशा मांसाच्या आयातीवर युरोपीय देशांनी 1989 साली बंदी घातली आणि त्यावरचा वाद पुढे अनेक वर्षे जागतिक व्यापाराच्या न्यायासनापुढे चालला.

संख्या घटूनही माल वाढतो, हे लक्षात ठेवा. याच्या नेमके उलट उदाहरण रशियाचे. 1990 साली रशियात सुमारे 5 कोटी 70 लाख गुरे होती. सोव्हिएत राज्यव्यवस्था कोसळली, सामुदायिक शेतांना मिळणारे स्वस्त धान्य बंद झाले, आणि गुरांची संख्या घसरत घसरत 2 कोटींच्याही खाली आली. तिथे मात्र मांसही तसेच घसरले.

गाय हाच कारखाना, गाय हाच माल

कापडाची गिरणी कापड विकते, यंत्रमाग विकत नाही. गुरे पाळणाऱ्याचे तसे नाही. कालवड बाजारात विकली तर ती मांस, आणि कळपात ठेवली तर ती पुढच्या दहा वर्षांचा कारखाना. एकच जनावर माल आणि यंत्र दोन्ही असते. या एका गोष्टीमुळे गोमांसाच्या बाजारात एक चमत्कारिक चक्र फिरत राहते.

समजा, मांसाचा भाव चढला. गुरे पाळणारा शेतकरी म्हणतो, आता कळप वाढवू. म्हणून तो कालवडी विकत नाही, राखून ठेवतो. त्यामुळे बाजारात माल आणखी कमी येतो आणि भाव आणखी चढतो! आता दिवस मोजा. आठ महिन्यांची कालवड राखली. ती सुमारे पंधरा महिन्यांची झाल्यावर फळवली. नऊ-सव्वानऊ महिन्यांनी, म्हणजे ती दोन वर्षांची झाल्यावर, वासरू झाले. ते वासरू मांसाला तयार व्हायला दीड वर्ष तरी लागते. आजच्या निर्णयाचे फळ बाजारात यायला जवळजवळ तीन वर्षे गेली. तोवर सगळ्यांचेच कळप वाढलेले असतात, माल उतू जातो, भाव कोसळतो. मग घाबरून गाई विकल्या जातात, माल आणखी वाढतो, भाव आणखी पडतो. अमेरिकेत असे एकेक चक्र सुमारे दहा वर्षांचे असते. दुष्काळ पडला की गवताअभावी गाई विकाव्या लागतात आणि चक्राला एकदम धक्का बसतो. अलीकडची अमेरिकेतली घट बरीचशी अशीच आहे.

हे जीवशास्त्र विसरून सरकारने हुकूम काढला तर काय होते, ते अर्जेंटिनात दिसले. अर्जेंटिना हा मांस खाणाऱ्यांचा देश. 1956 च्या सुमारास तिथे माणशी वर्षाला जवळजवळ 100 किलो गोमांस खाल्ले जाई. 2006 सालच्या मार्चमध्ये देशात मांसाचे भाव फार चढले म्हणून सरकारने निर्यातीवर सहा महिन्यांची बंदी घातली, आणि नंतरही निर्यातीला वेसण घातली. हेतू लोकांना स्वस्त मांस मिळावे हा. प्रथम तसे घडलेही. पण भाव पडलेले पाहून शेतकऱ्यांनी गाई विकल्या आणि कुरणे नांगरून सोयाबीन पेरले. त्यातच 2008-09 चा भीषण दुष्काळ आला. 2007 साली सुमारे 5 कोटी 80 लाख असलेली गुरे 2011 साली 4 कोटी 80 लाखांवर आली. एक कोटी गुरे चार वर्षांत नाहीशी झाली! त्यानंतर मांस महागले ते महागलेच. 2024 साली अर्जेंटिनाचा माणशी खप 50 किलोंच्याही खाली उतरला होता. शिक्षकांना हे उदाहरण अर्थशास्त्राच्या तासाला वापरण्यासारखे आहे. मला तरी याहून बोलके उदाहरण ठाऊक नाही.

अर्जेंटिनाचे नाव निघालेच आहे तर एक जुनी गोष्टही सांगितली पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या पंपास नावाच्या गवताळ मैदानात गुरे इतकी होती, की कातडी आणि चरबी काढून मांस टाकून देत. युरोपात मांसाला मागणी, इथे मांसाचा उकिरडा, आणि मध्ये अटलांटिक महासागर! प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ युस्टुस लीबिग यांनी मांसाचा दाट अर्क काढण्याची कृती शोधली होती. तिच्या आधारे उरुग्वेत फ्रे बेंतोस येथे 1865 च्या सुमारास कारखाना निघाला. पण एक किलो अर्कासाठी सुमारे 30 किलो मांस आटवावे लागे. खरी वाट काढली फ्रान्सच्या शार्ल तेलिए यांनी. त्यांच्या शीतयंत्रांनी सज्ज असलेले 'ल फ्रिगोरिफिक' नावाचे जहाज 1876 साली फ्रान्सहून निघून तीनेक महिन्यांनी ब्युनोस आयर्सला पोहोचले. मिथाइल ईथर या सहज उडणाऱ्या द्रवाचे बाष्पीभवन होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो, एवढेच त्यामागचे तत्त्व. स्पिरिट हाताला लावल्यावर गार वाटते ते याच कारणाने. तुमच्या घरच्या रेफ्रिजरेटरचे हे पणजोबा. गोमांसाचा जागतिक बाजार या जहाजानंतरच खऱ्या अर्थाने सुरू झाला.

वशिंड सातासमुद्रापार

गाईचे मुख्य वंश दोन. युरोपात आढळतो तो बिनवशिंडाचा, शास्त्रीय नाव बॉस टॉरस. आपल्याकडचा वशिंडाचा, बॉस इंडिकस. पहिला पश्चिम आशियात माणसाळला, तर दुसरा सिंधूच्या खोऱ्याच्या परिसरात, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी. युरोपीय वसाहतवाले अमेरिका खंडात गेले ते आपल्या ओळखीची बिनवशिंडाची गुरे घेऊन. थंड अर्जेंटिनात ती मानवली. पण ब्राझीलच्या उष्ण, दमट, गोचिडांनी बुजबुजलेल्या प्रदेशात ती हाशहुश करीत, चरणे सोडून सावलीला बसत आणि रोगांना बळी पडत.

आपल्या गुरांचे तसे नव्हते. त्यांची कातडी सैल, केस आखूड व चकचकीत, घामाच्या ग्रंथी अधिक. शरीरात उष्णताच मुळी कमी निर्माण होते. पांढरा रंग ऊन परतवतो. गोचिडाला त्यांची कातडी सहजासहजी दाद देत नाही. (वशिंड म्हणजे चरबीचे गाठोडे असा पुष्कळांचा समज आहे, प्रत्यक्षात त्यात मुख्यतः स्नायू असतो.) 1868 साली ब्राझीलच्या साल्वादोर बंदरात एका जहाजातून ओंगोलची एक जोडी उतरली. 1878 साली तिथल्या एका जमीनदाराने जर्मनीतील हांबुर्गच्या प्राणिसंग्रहालयातून दुसरी जोडी नेली. पुढे गुजरातची कांकरेज आणि गीर हीही गेली. शेवटची मोठी खेप 1960 नंतरच्या दोन-तीन वर्षांत गेली. तिच्यात ओंगोलचे काही नामांकित वळू होते. एकाचे नाव कर्वडी, दुसऱ्याचे चक्क ताजमहाल! आजच्या असंख्य नेलोर गुरांची वंशावळ या मोजक्या वळूंपर्यंत जाऊन पोहोचते. शंभर वर्षांत भारतातून ब्राझीलला गेलेली गुरे सगळी मिळून सहासात हजारच असतील. त्यांच्यापासून कोट्यवधी झाली.

महाराष्ट्राचा धागाही येथे गुंफलेला आहे. अमेरिकेत भारतीय गुरांच्या संकरातून 'ब्राह्मण' नावाची जात तयार झाली. तिच्या पूर्वजांत गीर, कांकरेज व ओंगोल यांच्याबरोबर कृष्णाकाठची 'कृष्णा खोरे' ही जातही आहे. सांगलीपासून पलीकडे कर्नाटकापर्यंतच्या काळ्या चिकट जमिनीत नांगर ओढणाऱ्या बैलांची ही जात. ब्राह्मण गुरे पुढे 1933 साली शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात नेली. आज उत्तर ऑस्ट्रेलियातील बहुतेक कळपांत हे वशिंडाचे रक्त आहे.

ब्राझीलला नुसती गाय मिळून भागले नसते. मध्य ब्राझीलमधील सेराडो नावाच्या माळरानाची माती आम्लधर्मी आणि ॲल्युमिनियमने विषारी झालेली. शास्त्रज्ञांनी तिच्यात चुना घालून आम्लता कमी केली आणि आफ्रिकेतून आणलेले ब्राकियारिया नावाचे चिवट गवत पेरले. गाय भारताची, गवत आफ्रिकेचे, माती ब्राझीलची! या त्रिकुटाच्या बळावर 2004 च्या सुमारास ब्राझील जगातला सर्वांत मोठा गोमांस-निर्यातदार झाला. 2023 च्या गणनेत तिथे 23 कोटी 86 लाख गुरे भरली. माणसे आहेत 20 कोटींच्या वर. एकूण उत्पादनात अमेरिकेचा पहिला क्रमांक वर्षानुवर्षे अढळ होता. आता ब्राझील तिच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे.

हा माल घेतो कोण? मुख्यतः चीन. 1980 साली चीनमध्ये बैल शेतात राबत असत आणि गोमांस वर्षाला 3 लाख टनांहूनही कमी निघे. 2023 साली तिथे सुमारे 75 लाख टन निघाले आणि तरीही 27 लाख टनांच्या वर आयात करावे लागले. चाळीस वर्षांत एखाद्या देशाचे ताट एवढे बदलल्याची उदाहरणे फार नाहीत.

भारताचा आकडा कसा वाचावा?

2014 साली अमेरिकेच्या कृषिखात्याने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात 'बीफ' निर्यात करणारा पहिल्या क्रमांकाचा देश म्हणून भारताचे नाव झळकले आणि पुष्कळांनी डोळे चोळले. भारतातून गाय, बैल, वासरू यांचे मांस निर्यात करण्यास बंदी आहे. बहुतेक राज्यांत गोहत्याबंदीचे कायदे आहेत. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाईंची कत्तल बंद झाली व 2015 पासून त्यात बैल आणि वळूही आले. मग हा आकडा आला कोठून? त्या तक्त्यात 'बीफ' या शब्दाखाली म्हशीचे मांसही धरले होते, एवढेच! अन्न व कृषी संघटना म्हशीचा रकाना वेगळा ठेवते. कोणताही आकडा वाचताना रकान्याचे शीर्षक आणि तळटीप आधी वाचावी, ती यासाठी.

2019 च्या पशुगणनेनुसार भारतात 19 कोटी 34 लाख गाईबैल आणि सुमारे 10 कोटी 98 लाख म्हशी आहेत. मांसासाठी म्हणून म्हैस आपण पाळत नाही. ती दुधासाठीच असते. दूध आटलेल्या म्हशी आणि रेडे यांचे मांस व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त अशा देशांना जाते. त्याला एक अट असते: मांसात हाड असता कामा नये. यामागे सुंदर रसायनशास्त्र आहे. लाळ्या-खुरकुत रोगाचा विषाणू आपल्या देशात आहे, म्हणून घेणारे देश घाबरतात. जनावर मेल्यानंतर स्नायूंतील ग्लायकोजेनचे लॅक्टिक आम्ल होते आणि एका दिवसात मांसाची आम्लता इतकी वाढते की विषाणू टिकत नाही. पण हाडांतील मगजात व लसिका ग्रंथींत हे आम्ल तयार होत नाही. म्हणून मांस चोवीस तास मुरू देतात आणि हाडे व ग्रंथी काढून मगच ते गोठवतात.

रोगाची ही भीती खोटी नव्हे. 1986 साली ब्रिटनमध्ये गाई लडखडत चालू लागल्या, बिथरू लागल्या आणि मरू लागल्या. त्यांच्या मेंदूची अक्षरशः चाळण झालेली आढळली. कारण शोधता असे दिसले, की मेलेल्या जनावरांचे मांस व हाडे दळून केलेली भुकटी स्वस्त प्रथिन म्हणून गाईंनाच चारली जात होती. शाकाहारी प्राण्याला नकळत मांसाहारी केले होते! प्रायॉन नावाचे बिघडलेले प्रथिन त्यातून पसरले. एकट्या ब्रिटनमध्ये 1 लाख 80 हजारांहून अधिक गाईंना हा रोग झाला. 1996 साली तो माणसातही येऊ शकतो असे जाहीर होताच ब्रिटिश गोमांसाची निर्यात बंद पडली. 2003 च्या डिसेंबरात अमेरिकेत अशी एक गाय सापडली, फक्त एक, आणि पुढच्या वर्षी त्या प्रचंड देशाची निर्यात जवळजवळ संपली. बाजाराचा आलेख काढाल तेव्हा 2004 सालची ती दरी तुम्हांला दिसेल.

रवंथाचा वायू

गाईच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे शंभर-दीडशे लिटरचे आंबवण्याचे पिंप. तिथले सूक्ष्मजीव गवतातील सेल्युलोज फोडतात. त्यात हायड्रोजन निघतो. काही अतिसूक्ष्म जीव हा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन बनवतात आणि गाय तो ढेकरेवाटे बाहेर टाकते. जात व खाद्य यांनुसार एक गाय वर्षाला 50 ते 100 किलो मिथेन सोडते. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन सुमारे 27 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. माणसामुळे होणाऱ्या अशा वायूंच्या उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा 2013 साली अन्न व कृषी संघटनेने 14.5 टक्के काढला होता, तर 2023 च्या नव्या गणिताने तो सुमारे 12 टक्के आला. त्यातही सर्वांत मोठा भाग गुरांचा.

येथे मघाचे अमेरिकेचे कोडे पुन्हा उपयोगी पडते. एक बैल वर्षाला 60 किलो मिथेन सोडतो असे धरू. तो चार वर्षांनी विक्रीला तयार झाला तर एकूण 240 किलो, दोन वर्षांनी झाला तर 120. मांस दोन्हीकडे सारखेच. म्हणजे जनावर लवकर वाढणे हा हवेच्या दृष्टीने फायदा ठरतो. ब्राझीलमध्ये पूर्वी बैल तयार होण्यास चार-पाच वर्षे लागत. आता चांगल्या कुरणावर तो तीन वर्षांच्या आत तयार होतो.

पण कुरण आले कोठून, हा प्रश्न उरतोच. ॲमेझॉनच्या अरण्यात तोडलेल्या जमिनीचा मोठा भाग शेवटी कुरणच झाला आहे. ब्राझीलची अवकाश संशोधन संस्था उपग्रहांच्या चित्रांवरून दर वर्षीची तोड मोजते. 2004 साली ती 27,772 चौरस किलोमीटर होती. आपला गोवा 3,702 चौरस किलोमीटरचा; म्हणजे एका वर्षात साडेसात गोवे! कडक पाळत आणि दंड यांमुळे 2012 साली ती 4,571 वर आली, 2021 साली पुन्हा 13,038 वर चढली आणि 2024 साली 6,288 झाली. विशेष हे, की 2004 ते 2012 या काळात जंगलतोड सहाव्या हिश्श्यावर आली, तरी ब्राझीलची गुरे घटली नाहीत. एका हेक्टरवर एकाऐवजी दीड जनावर चरले तर नवे जंगल तोडावेच लागत नाही, हे शेतीशास्त्रज्ञांचे म्हणणे त्यामुळे नुसते कागदी ठरत नाही. मात्र तोडलेली जमीन कुरणातल्या सुधारणेपेक्षा स्वस्त पडते तोवर शेतकरी कुऱ्हाडच उचलणार.

ढेकरेवरही उपाय शोधणे चालू आहे. ॲस्पारागॉप्सिस नावाचे एक लाल समुद्रशैवाल खाद्यात अगदी थोडे मिसळले की मिथेन बनवणाऱ्या जीवांचे काम अडते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील प्रयोगात काही बैलांचा मिथेन 80 टक्क्यांहूनही अधिक घटला. छावणीत गव्हाणीवर उभ्या असलेल्या बैलाला हे चारणे सोपे आहे. सेराडोच्या माळावर मोकळ्या सुटलेल्या नेलोरला ते रोज कोण चारणार? म्हणून दुसरी वाट शोधली जात आहे, ती मूळचाच कमी मिथेन सोडणारी जनावरे निवडून त्यांची पैदास करण्याची. तिच्यासाठी जातीत जितकी विविधता असेल तितकी चांगली.

आणि इथे चित्र उलटे होते. भारतात ट्रॅक्टर आले, बैलांचे काम सरले. 2012 ते 2019 या सात वर्षांत देशातील गोवंशातील नरांची संख्या सुमारे 30 टक्क्यांनी घटली. ब्राझीलमध्ये नेलोर कोट्यवधी आहेत, तर मायभूमीत ओंगोलची शुद्ध गुरे काही लाखांच्या घरात. गीर वळूंच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या ब्राझीलहून भारतात आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. ब्राझीलची सगळी नेलोर गुरे मोजक्या पूर्वजांची वंशज. जुन्या वंशातले जे गुण त्या सहासात हजारांबरोबर बोटीत चढलेच नाहीत, ते असलेच तर आंध्रातील आणि कृष्णाकाठच्या गोठ्यांत अजून शिल्लक असतील.